झोपायची की बसायची

व्हेस्टा हिल, पेनसिल्व्हेनिया
९ ऑक्टोबर

टेसा,

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर तिथल्या समुपदेशक बाईंचा फोन आला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते, दोन्ही हात पिठात. खांद्याने फोन कानाशी दाबून ऐकलं. मार्चमध्ये तुला पॅरोल मिळू शकतो, पण राहायला पक्कं घर दाखवावं लागतं, आणि अर्जावर तू आपल्या घराचा पत्ता लिहिला आहेस.

मी विचारलं, "आणखी काही म्हणाली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पत्ता लिहिलाय फक्त."

सव्वीस महिन्यांत तुझ्याकडून मला एवढंच आलं आहे. आपलाच पत्ता. फोन ठेवल्यावर मी तीनशे मुलांचे नूडल्स जास्त शिजवले, आणि त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही मला.

जानेवारीत एक अधिकारी घर बघायला येणार. तू कुठे राहशील, कुठे झोपशील ते बघणार. त्यांनी होकार दिला तरच तुला सोडतील. म्हणून मी ठरवलंय, तळघर नीट करून घ्यायचं. माणूस लावायचा नाही, मीच करणार. शेजारचा स्टश मदतीला आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, पण हातोडा अजून हातातून सुटत नाही त्याच्या. खाली तुला तुझी स्वतंत्र जागा होईल. कोणाची कटकट नाही.

माझ्या वडिलांचा, तुझ्या डेडोचा, संडास अजून तिथेच आहे, तळघराच्या मधोमध, ना भिंत ना पडदा. कारखान्यातून आल्यावर डेडो मागच्या गल्लीतून थेट खाली शिरायचा, सगळी काजळी तिथेच धुऊन, कपडे बदलून मगच वर यायचा. तू लहानपणी त्या संडासावर बसून वर ऐकू जाईल अशी गाणी म्हणायचीस. काल स्टश त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "रेनी, सगळ्यात आधी ह्याला भिंत घाल. नाहीतर पोरगी म्हणेल, तुरुंगात तरी आडोसा होता."

मग त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "हे तिला लिहू नकोस हं." लिहिलं.

ही पत्रं तुझ्याआधी दुसरं कोणीतरी वाचतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा जपून लिहिते.

आई


२ नोव्हेंबर

टेसा,

भिंती झाकण्याआधी ओल बघायची असते. स्टशने प्लास्टिकचे चौकोन कापून दिले. ते मी भिंतीला आणि जमिनीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावले आणि दोन दिवस ठेवले. प्लास्टिकच्या आतून पाणी साचलं तर ओल भिंतीतून येते, बाहेरून साचलं तर हवेतली. दोन दिवस मी कामावरून आले की कोट न काढता खाली जायचे. जमीन कोरडी निघाली. नदीकडच्या भिंतीला मात्र आतून दव धरलं होतं. तिथे काळा लेप दिला, दोन हात. घरभर डांबराचा वास आहे, ब्रेडलासुद्धा.

गावच्या कचेरीतून बांधकामाची परवानगी मिळाली. खिडकीत बसलेल्या बाईने एकच प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, तिने शिक्का मारला. मला वाटलं होतं चार खेपा घालाव्या लागतील.

आज लाकडी चौकटी उभ्या करायला घेतल्या. मापं घेताना स्टश मागच्या भिंतीपाशी थांबला. जिथे गल्लीकडचं ते दार होतं, तिथे. त्यानेच ते बुजवलं होतं, त्यामुळे सिमेंटचा कुठला ठोकळा नवा ते त्याला बरोबर ठाऊक.

"हे उघडायचं ना?" तो म्हणाला.

"नको."

"अगं, माणूस झोपणार आहे इथे. झोपायच्या खोलीतून सरळ बाहेर पडता आलं पाहिजे. आग लागली तर पहिला जिनाच पेटतो. दोन दिवसांचं काम आहे, मी करतो. मी घातलेली भिंत मला काय जड?"

"घर जुनं आहे, स्टश. भिंत फोडली आणि वरचं काही खचलं तर?"

"बेचाळीस वर्षं तिथे दार होतं! तेव्हा खचलं नाही ते?"

मी त्याला कॉफी आणायला वर गेले. खाली आले तेव्हा त्याने चौकटीचं पहिलं लाकूड त्या जागेवर उभं करून ठेवलं होतं. कॉफीत साखर कमी आहे एवढंच म्हणाला.

थंडी सुरू झाली आहे. तिथे पांघरूण पुरेसं देतात का?

आई


२७ नोव्हेंबर

टेसा,

काल थँक्सगिव्हिंगला स्टश जेवायला होता. एका टर्कीला दोन माणसं, म्हणून मी टर्की केलीच नाही. कोबी-नूडल्स आणि सॉसेज केलं, त्याला तेच आवडतं. जेवण झाल्यावर आम्ही खाली जाऊन छताला जिप्समचे तक्ते लावले. मी शिडीवर, डोक्यावर तक्ता पेललेला, तो खालून काठीने रेटतोय आणि ओरडतोय, "मान सरळ! मान सरळ, नाहीतर आयुष्यभर माझ्यासारखी चालशील!" दोन तक्ते तुटले. तिसरा बसला.

मान खरंच धरली आहे. वाकडी बसून लिहितेय.

त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण समोरच्या खोलीत बसलं की डेडोची खाट होती ती जागा समोर येते. खाट परत नेली, पण चाकांचे चार खड्डे गालिच्यात राहिले आहेत, भरून येत नाहीत. त्याची हाडं पोखरली गेली होती, टेसा. दर सहा तासांनी दुखण्यावरची ती एक पांढरी गोळी, तेवढाच त्याचा आधार होता. तू त्या गोळ्या काढून घेतल्यास आणि बाटलीत ॲलर्जीच्या गोळ्या भरून ठेवल्यास. तुझा तो ब्रायस मागच्या दाराने आला आणि त्या गोळ्या घेऊन त्याच दाराने गेला. गुरुवारची गोष्ट. रविवारी नर्स आली, तिने बाटली हातावर ओतली आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर पोलिसांना फोन मी केला. डेडो बुधवारी गेला.

हे सगळं तुला माहीत आहे, कोर्टात ऐकलंयस. तरी लिहिते, कारण भिंती रंगवते, तक्ते लावते अशी गोडगोड पत्रं पाठवून तुला वाटायला नको की मी विसरले. मी अजून रागावलेली आहे का? हो. काही दिवस खूप. भाजी चिरता चिरता हात थांबतो.

आणि तरीही तू यावंस असं वाटतं. हे दोन्ही एका माणसाला कसं वाटू शकतं ते मला कळत नाही. तुला कळलं तर लिही.

आई


१९ डिसेंबर

टेसा,

खोली झाली. सांधे भरून, घासून, दोन हात रंग. फिकट पिवळा घेतला. डब्यावर 'लोणी' लिहिलं होतं, पण भिंतीवर वाळल्यावर मोहरीकडे गेलाय. संडासाला भिंत आणि दार. दार आतून बंद होतं, मी तीनदा बघितलं. पलंग आला. कचेरीचा माणूस येऊन वायरिंग बघून सही करून गेला. म्हणाला, "एकटीने केलंत? आमच्या मेव्हण्याला तीन वर्षं लागली, अजून बायको बोलत नाही त्याच्याशी."

काल अक्रोडाचे रोल केले. तुला पाठवता येत नाहीत, विचारलं मी.

एक गोष्ट झाली, ती सांगते. स्वयंपाकघरातून खाली जायच्या दाराला मी शनिवारी नवी कडी बसवली. पितळेची, जाडजूड. आज स्टश जिन्याचा कठडा घट्ट करायला आला होता. वर चढून आला आणि दाराशी थांबला.

"ही कडी कुठल्या बाजूने लावलीस?"

मी म्हटलं, "दिसतंय ना."

"दिसतंय म्हणूनच विचारतोय. स्वयंपाकघरातून लागते. खालच्या माणसाला उघडत नाही."

"वारा येतो खालून. दार सारखं आपटतं."

"रेनी, वाऱ्याला एवढी कडी?" तो हळू बोलत होता. तो हळू बोलला की मला जास्त राग येतो. "मागचं दार भिंतीत. वरचं दार कडीत. पोरगी येणार आहे की अस्वल?"

"तुला काय जातंय बोलायला?" मी म्हणाले. "तुझ्या घरात नव्हतं झालं ते."

तो गेला. त्याचा स्क्रू-ड्रायव्हर ओट्यावर राहिला होता, त्यानेच मी कडी काढली. चार भोकं राहिली दारात. पुट्टी भरली, पण दिसतात. तू दार बघितलंस तर विचारशील, म्हणून आधीच सांगून टाकलं.

नाताळाच्या शुभेच्छा, असं लिहायला हात धजत नाही. थंडी सांभाळ.

आई


१५ जानेवारी

टेसा,

काल अधिकारी येऊन गेली. मिस गॅरिटी. माझ्याच वयाची असेल, बूट दाराशी काढले, मी नको म्हटलं तरी. स्टश स्वच्छ शर्ट घालून आला होता, टोपी हातात.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "अरे वा. हे तुम्ही स्वतः केलंत?" भिंतीवरून हात फिरवला तिने. मला इतकं बरं वाटलं. मग पलंगाकडे बघितलं. "ती झोपणार इथे?"

"हो."

तिने हातातले कागद चाळले. "गावच्या कचेरीत ही खोली बसायची म्हणून नोंदलेली आहे. गेमरूम."

आता लिहूनच टाकते, लपवण्यासारखं काही उरलं नाही. ऑक्टोबरात गावच्या कचेरीत खिडकीतल्या त्या बाईने विचारलं होतं, "झोपायची खोली की बसायची?" आणि मी म्हटलं होतं, "बसायची." या टेकडीवर सगळेच तसं सांगतात. गेमरूम म्हटलं की बाहेरचं दार लागत नाही, खिडकी फोडावी लागत नाही. मग पलंग टाकतात आणि पाहुणे झोपवतात. कोणी विचारायला येत नाही. आपल्याकडे येणार होतं, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"इथून बाहेर पडायची वाट?" तिने विचारलं.

"जिना."

"जिना पेटला तर?"

स्टश पुढे झाला. "मॅडम, मागे दार आहे. तक्त्याच्या आत, ठोकळ्यांच्या आत. मीच बुजवलंय. मीच उघडतो, शनिवारपर्यंत."

"मला आज जे आहे तेच लिहावं लागतं, साहेब." ती खरंच दिलगिरीने म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काही हरकत नाही. वर खोल्या किती आहेत?"

"दोन."

"एक तुमची. दुसरी?"

"तिची. तिची होती."

"मग प्रश्नच मिटला," ती म्हणाली. "वरच्या खोलीत झोपेल असं लिहू?" आणि पेन कागदाला टेकवलं.

टेसा, मला एक शब्द बोलायचा होता. तुला घरी आणायला तेवढाच लागत होता. तीन महिने मी ओझी उचलली, मान मोडून घेतली, आणि तिथे उभी राहून मला 'हो' म्हणता आलं नाही.

मी म्हटलं, "त्या खोलीत सामान आहे."

"सामान हलवता येईल ना?"

"भिंत एक आहे. माझी खोली आणि ती, मध्ये एकच भिंत आहे." हे मी का बोलले मला माहीत नाही.

तिने पेन उचललं. मग म्हणाली, "मिस हुडाक, नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पुष्कळ आया म्हणतात."

"मी नाही म्हणत नाहीये."

"हो पण म्हणत नाही आहात."

तिने बूट घातले आणि गेली. स्टश शिडी खांद्यावर घेऊन दारात उभा होता. "एक शब्द, रेनी," तो म्हणाला. "देवाशप्पथ, मी तुझ्या वतीने ओरडणार होतो." आणि शिडी घेऊन गेला. तीन महिने ती शिडी आपल्याकडेच होती.

आई


५ फेब्रुवारी

टेसा,

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मिस गॅरिटीला फोन केला होता. म्हटलं, हो, वरची खोली, लिहा. तिने नोंद केली. म्हणाली, आधीचा अहवाल गेला आहे, हे त्याला जोडते. मी रोज विचारत होते. आज तुझ्या समुपदेशक बाईंनीच फोन केला.

त्या म्हणाल्या, अहवाल तुला वाचून दाखवला. नियमच आहे तसा. त्यात लिहिलं होतं, 'मुलीला घराच्या वरच्या भागात झोपू देण्याबद्दल आई होकार देऊ शकली नाही.' मग त्यांनी तुला सांगितलं, की आईने नंतर फोन करून हो म्हटलंय, आता हा पत्ता मंजूर होईल. आणि तू अर्ज मागून घेतलास आणि आपला पत्ता खोडलास. एरी शहरातल्या, सुटून आलेल्यांना ठेवतात त्या केंद्राचं नाव लिहिलंस.

मी पुन्हा तेच विचारलं. "काही म्हणाली का?"

या वेळी त्या म्हणाल्या, "म्हणाली, तिला झोप लागणार नाही मी असले तर. मग कशाला."

तू रागाने म्हणाली असतीस तर मला सोसलं असतं. बाई म्हणाल्या, रागाने नव्हती म्हणाली.

शाळेत आज मला लवकर घरी पाठवलं. मी खाली जाऊन पलंगावर बसले. आधी कुठलाच आवाज येत नव्हता. मग वर कोणीतरी चालल्यासारखं वाटलं. घरात कोणी नव्हतं, फ्रिजचा आवाज होता तो. वरचं किती ऐकू येतं खाली, याची मला कल्पना नव्हती. मी तुला इथे ठेवणार होते, डोक्यावर माझी पावलं ऐकत.

आई


३० मार्च

टेसा,

हे पत्र एरीला पाठवते आहे. तिथे विचारलं, तर म्हणाले की पत्रं कोणी उघडत नाही, थेट हातात देतात. म्हणून आता लिहिते. उत्तर नको. वाचून फाडलंस तरी चालेल, फक्त वाच.

मिस गॅरिटीला वाटलं, मी तुला घाबरते. स्टशलाही तेच वाटतं. मीही स्वतःला तेच सांगत होते, ती परत काही उचलेल, परत कोणाला तरी घरात घेईल. म्हणून मागचं दार, म्हणून कडी. पण वरची खोली म्हटल्यावर माझी वाचा बसली, त्याचं कारण ते नव्हतं. वर, एका भिंतीपलीकडे तू राहिली असतीस, तर एक ना एक दिवस तू मला विचारलं असतंस. तू हुशार आहेस. तू दिवस मोजले असतेस.

कोर्टात मी शपथ घेऊन सांगितलं, की नर्सने रविवारी दाखवेपर्यंत मला काही कळलं नाही. ते खोटं आहे. मला शुक्रवारी दुपारी कळलं. डेडोच्या गोळीवर मधोमध एक रेघ असायची. मी गोळी तळहातावर घेतली आणि रेघ नव्हती. उलटी करून बघितली. मग मनात म्हटलं, दुकानाने दुसऱ्या कंपनीची दिली असेल. मला माहीत होतं तसं नाही. तू त्या वेळी स्वयंपाकघरात उभी होतीस, माझ्याकडे पाठ करून, भांडी पुसत होतीस. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा न सांगता भांडी पुसत होतीस. मी बाटलीचं झाकण लावलं.

तोंडातून शब्द काढला असता, तर तू घर सोडून गेली असतीस. त्या दुपारी नाही, तर त्या रात्री. आणि डेडो तर जाणारच होता. मी असा हिशेब केला, टेसा. कोणालाही सांगितलेला नाही, फादरनासुद्धा नाही.

न्यायाधीश म्हणाले, मरणाऱ्या माणसाला तीन दिवस तळमळत ठेवलं, म्हणून शिक्षा वाढवतो. तू मान खाली घालून उभी होतीस. त्यातला पहिला दिवस तुझा. पुढचे दोन माझे होते. तेही तू भोगलेस.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या वकिलाकडे गेले आणि हे सगळं लिहून सही करून दिलं. तो म्हणाला, आता याने फारसं काही बदलणार नाही, उलट तुमच्यावरच खोट्या साक्षीचा आरोप येईल. मी म्हटलं, येऊ दे.

शुक्रवारी दुपारपासून रविवारी सकाळपर्यंत आठ गोळ्या होतात. आठही मी दिल्या. उशी वर करून, मानेखाली हात घालून, पाण्याचा पेला ओठाला लावून. त्याला गिळायला त्रास व्हायचा, तरी प्रत्येक वेळी गिळून झाल्यावर तो माझा हात थोपटायचा आणि म्हणायचा, "आता बरं वाटेल, रेनी. आता जा, झोप तू."

आई